पलंगावर नसण्याचे दिवस

"कॅमेरा नाहीये, आजी," प्रांजल म्हणाली. यंत्रांच्या कंपनीकडून आलेली ती मुलगी स्टुलावर चढून छताच्या कोपऱ्यात एक पांढरी डबी बसवत होती. "फोटो वगैरे काही नाही. फक्त हालचाल कळते."

"कुणाला कळते?" शकूताईंनी विचारलं.

प्रांजलने खाली उभ्या असलेल्या शकूताईंच्या मुलाकडे, आकाशकडे पाहिलं. आकाशने मोबाइलकडे पाहिलं. "सिस्टिमला," असं म्हणून प्रांजल पुन्हा स्क्रू आवळू लागली.

उत्तर मिळालं नाही, हे शकूताईंनी लक्षात ठेवलं. लक्षात ठेवणं हा त्यांचा स्वभाव होता, आणि संशय घेणं ही जुनी सवय.

घाटकोपर पूर्वेला, पंतनगरमधल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची ती एक खोली आणि स्वयंपाकघर. दुपारपर्यंत त्यात बरीच पाहुणेमंडळी बसली. छताला एक डबी, बाथरूममध्ये दुसरी. गादीखाली कापडाची एक पातळ पट्टी. फ्रिजच्या आणि बाहेरच्या दाराला एकेक चकती. आणि टेबलावर तांब्याएवढा एक यंत्रमाणूस. त्याचं डोकं गोल होतं, डोळ्यांच्या जागी दोन हिरवे ठिपके, आणि माणूस जाईल तिकडे ते डोकं वळायचं. कंपनीने त्याला 'सोबती' असं नाव दिलं होतं.

"आजी, आपण औषध घेतलंत का?" सोबतीने पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

त्याची मराठी घाटकोपरची नव्हती. इतक्या गोड, इतक्या आदबशीर आवाजात शकूताईंशी आजवर एकच माणूस बोलला होता, तो म्हणजे त्यांची औषधांची कंपनी बंद करायला आलेला मोठा साहेब.

त्या कंपनीत शकूताई पॅकिंगला होत्या. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची आणि त्यांनी फक्त बघायचं: कुठला कप्पा रिकामा आहे? रिकामा दिसला की पाकीट उचलून बाजूला टाकायचं. त्यांच्या मागे काचेची केबिन होती. केबिनमधला सुपरवायझर त्यांना बघायचा, जशा त्या गोळ्यांना बघायच्या. कोण बाथरूमला किती वेळा गेली, कुणाचा हात मंदावला, कोण डबा खाऊन उशिरा आली, सगळं तो टिपायचा. मग एक वर्ष असं आलं की त्या टिपणांवरून बायका कमी होऊ लागल्या, आणि शेवटी कंपनीच मुंबईबाहेर गेली. घरी बसलेल्या बायकांमध्ये शकूताई एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी मोजतात, मग काढतात."

आता त्यांच्या झोपेची मोजणी सुरू झाली होती.

आकाशचं म्हणणं साधं होतं. तो गोरेगावला अठराव्या मजल्यावर राहायचा, आईसाठी तिथे एक खोली मोकळी ठेवली होती. वडील, शिवदास, गेल्यापासून तो एकच गोष्ट फिरून फिरून मांडायचा. शिवदास सरवदे, बेस्टच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्तीनंतर एका पौर्णिमेच्या संध्याकाळी बाथरूममध्ये पडले. शकूताई विहारात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा बाथरूमची कडी आतून लावलेली होती. "वेळेत कळलं असतं तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धं सोडून निघून गेले. ते अर्धं वाक्य आकाशच्या गळ्यात अडकून राहिलं.

"तू एकटी नको राहूस, आई."

"मी एकटी नाही राहत. माझ्या घरात राहते."

"म्हणूनच हे लावूया. काही महिने बघू. रिपोर्ट चांगला आला तर प्रश्नच नाही."

"आणि वाईट आला तर?"

"तर बघू."

'बघू' शकूताईंना चांगलं ओळखीचं होतं. ज्याने ठरवलेलं असतं तोच 'बघू' म्हणतो. म्हणजे परीक्षा होती. पास झालं तर हे घर, खाली सकाळी भाजीवालीशी होणारं भांडण, चालत जाण्याएवढं जवळचं विहार, सगळं राहील. नापास झालं तर अठरावा मजला, जिथे खिडकी उघडली तर खाली माणसं दिसतात पण ओळखू येत नाहीत. तिथे पाटी लावलेलं एकही दार त्यांच्या माहितीचं नव्हतं. परीक्षेत काय विचारणार, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहतात. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, पांढऱ्या साड्यांमधल्या बायका चटयांवर दाटीने बसतात. शकूताई या तीन महिन्यांत पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्यांना अष्टशील पाळायच्या. म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नाही. टीव्ही नाही, दागिना नाही, फोन बंद करून कपाटात. आणि उंच पलंगावर झोपायचं नाही, जमिनीवर चटई टाकायची. कंपनीत होत्या तेव्हाही हे चुकलं नव्हतं.

आकाशला हे सांगायचं नव्हतं. गेल्या वर्षावासात एकदा त्यांना विहारातच चक्कर आली होती. तेव्हा आकाशने हात हातात घेऊन हे सोडण्याचा शब्द मागितला होता आणि त्यांनी मान हलवली होती. मान कशाला हलवली, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच पौर्णिमेला त्या चटईवर आडव्या झाल्या आणि टेबलावरचं गोल डोकं खाली वळलं.

"आजी, आपण ठीक आहात का?"

"आहे," शकूताई म्हणाल्या.

"छान. काळजी घ्या."

सकाळी आकाशचा फोन. "आई, रात्री झोप लागली?"

"लागली की."

"पलंगावर झोपलीस ना?"

शकूताई जरा थांबल्या. मुलगा आईला 'झोपलीस का' असं विचारतो. 'कशावर झोपलीस' असं कोण विचारतं?

"दुसरीकडे कुठे झोपणार?" त्या म्हणाल्या. "बरं," म्हणून आकाशने फोन ठेवला. ते 'बरं'ही त्यांनी लक्षात ठेवलं.

अष्टमीनंतर पुन्हा फोन आला. "काल संध्याकाळी काय जेवलीस?" अमावस्येनंतरही. मधल्या दिवसांबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे नेमके तेच दिवस कोणीतरी वेचून बाजूला काढत होतं.

ही गोष्ट त्यांनी शेजारच्या प्रेमाला सांगितली. प्रेमा मालवणची, गिरणीकामगाराची बायको, नवरा गेल्यावर मुलीकडे न जाता इथेच राहिलेली. दोघींच्या भिंती एक होत्या आणि भांडणंही.

"अगो, मग ह्या मेल्याक फसव ना!" प्रेमाने सोबतीकडे बोट केलं. सोबतीने तिच्याकडे मान वळवली तशी ती दोन पावलं मागे सरली. "बघ, बघ कसो बघता! माझो दीर असोच बघी."

"फसवू कसं?"

"तू विहारात गेलंस ताही ह्याका कळूक नको. तू जा. मी हयसर बसतंय. त्याका काय कळतला, शकू की प्रेमा? माणूस घरात फिरता, बस."

म्हणून शकूताई संध्याकाळी ग्रंथवाचनाला जायच्या आणि प्रेमा त्यांच्या घरात 'शकू' व्हायची. ती मनापासून व्हायची. खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत. आपण आहोत हे यंत्राला कळावं म्हणून फ्रिज उघडायची, आत बघायची, बंद करायची, जरा वेळाने परत उघडायची. दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये रोज काहीतरी नवं असतं. एकदा तर तिने सोबतीशी गप्पाही मारल्या.

"आजी, आपण आज खूप फिरलात!"

"आजी कोणाक म्हणतंस रे? तुझ्या आजीचा वय काय?"

"आपला प्रश्न मला समजला नाही."

"समजाचो नाय. बोलतंस पुण्याचा आणि ऱवतंस घाटकोपराक."

शकूताई परतल्या की प्रेमा हे सगळं अभिनयासकट सांगायची आणि दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. हसताना शकूताई टेबलाकडे पाठ करून बसत.

श्रावण संपत आला तेव्हा प्रेमाने एक वेगळीच बातमी आणली. या वेळी ती हसत नव्हती.

"तुझो आकाश सोसायटीच्या सेक्रेटरीक भेटलो. खाली, ऑफिसात."

"कधी?"

"काल. हयसर वर इलो नाय ना? मग. इचारी होतो, खोली बंद ठेवूची झाली तर काय काय करूचा लागता."

शकूताई विळीवर घेवडा निवडत होत्या. शेंगेचा दोर ओढला तो मधेच तुटला. आकाश घाटकोपरला आला आणि आईला न भेटता गेला.

"मला फोनवर म्हणाला, शनिवारी येतो, तुझं थोडं सामान बघू," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं कपाट दुरुस्त करायचंय."

प्रेमा दुसऱ्या दिवशी भाचीकडे भांडुपला गेली. त्या दिवशी अष्टमी होती.

शकूताईंनी सकाळी पांढरी साडी नेसली, वंदना केली, साडेअकराला जेवून भांडी घासली. फोन बंद करून कपाटात ठेवला. बाहेरच्या दाराला कडी घातलीच, वर कधी न लावला जाणारा अडसरही लावला. मग खोलीच्या मधोमध चटई टाकून आडव्या झाल्या आणि छताच्या कोपऱ्यातल्या डबीकडे बघत राहिल्या. पंख्याच्या वाऱ्याने साडीचा काठ जमिनीवर हलत होता, बाकी काहीच हलत नव्हतं.

"आजी, आपण ठीक आहात का?"

त्या बोलल्या नाहीत.

हे न बोलणं ठरवून होतं. कंपनीतल्या केबिनच्या काचेवर ऊन पडलेलं असायचं, आत कोण बसलंय ते इतक्या वर्षांत एकदाही नीट दिसलं नव्हतं. आज दिसू दे. या डबीच्या पलीकडे कोण आहे, आणि त्याला आपण हव्यात की आपल्याविरुद्धचा कागद हवाय, ते एकदा समोर येऊ दे.

"आजी, आपला आवाज ऐकू आला नाही. ठीक असाल तर 'हो' म्हणा."

रस्त्यावर कोणीतरी गॅसची सिलिंडरं उतरवत होतं. लोखंड लोखंडावर आपटत होतं.

"मी मदतीसाठी कळवत आहे. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" शकूताई मनात म्हणाल्या, आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की छातीत धडधडतंय.

बराच वेळ काहीच झालं नाही. ऊन भिंतीवरून कपाटावर गेलं. हे असंच असणार, त्यांना वाटू लागलं. कोणी येणार नाही. कुठेतरी एक लाल ठिपका पडला असेल, शनिवारच्या कामाला उपयोगी. हा विचार खरा ठरतोय याचं त्यांना एक कडवट समाधानही वाटलं.

मग जिन्यावर पावलं वाजली. दोन दोन पायऱ्या घेणारी.

"आई!"

दारावर हात आपटला. मग दोन्ही हात.

"आई, दार उघड! आई!"

शकूताई उठून बसल्या आणि जमिनीला हात टेकून उभं राहायला बघू लागल्या. खालच्या मजल्यावरची दारं उघडल्याचे आवाज आले, कोणीतरी 'सुताराला बोलवा' म्हणालं. दारावर खांदा आदळला. अडसर हलला, पण तुटला नाही.

"आई, आवाज दे," आकाश म्हणत होता. आता तो ओरडत नव्हता. तोंड दाराच्या फटीला लावून बोलत असावा. "काही बोलू नकोस. नुसता आवाज दे."

त्या संध्याकाळी बाथरूमच्या दाराला तोंड लावून शकूताई हेच म्हणाल्या होत्या. हेच शब्द. तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं आणि त्यांनी ते कधी कोणाला सांगितलंही नव्हतं.

"आहे रे," त्या म्हणाल्या. बाहेर ऐकू जावं म्हणून जमिनीवर हात आपटला. "आहे. थांब."

अडसर काढला तेव्हा आकाश आत आला नाही, आत पडला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं, हाताची बोटं सोलली होती. त्याने आईचं डोकं चाचपलं, मग हात, मग पाऊल. जिन्यातली माणसं आत डोकावत होती.

"पडलीस? कुठे लागलं?"

"पडले नाही. आडवी झालेय."

"मग आवाज का नाही दिलास?"

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"कोण येतंय ते."

आकाशने आधी दार लावलं. मग भिंतीला टेकून खाली बसला. जेव्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज चढला होता.

"कोण येणार, आई? पोलीस येणार? विक्रोळीच्या ऑफिसातून रिक्षा मिळेना म्हणून बस पकडली, ट्रॅफिकमध्ये अर्ध्या रस्त्यात उतरून धावत आलोय मी. तुला खेळ वाटतो हा?"

"खेळ तू चालवलास. वर न येता सेक्रेटरीला भेटून जातोस, तो कसला खेळ?"

 आकाशने मोबाइल काढला आणि बोट सरकवत त्यांच्यासमोर धरला. "हे बघ. मी काय करणार होतो? काही दिवस तू संध्याकाळी काहीच खात नाहीस. रात्री पलंगावर नसतेस, जमिनीवर असतेस. विचारलं तर खोटं सांगतेस. आणि बाकीच्या संध्याकाळी घरात नुसत्या फेऱ्या मारतेस, फ्रिज उघडतेस, बंद करतेस, परत उघडतेस. डॉक्टरांना दाखवलं मी. ते म्हणाले, ही सुरुवात असते."

"कसली?"

 "विसरण्याची."

शकूताईंनी मोबाइलकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यांना हसू आवरेना. "अरे, ती प्रेमा."

"कोण?"

"फ्रिजवाली. मी विहारात असते. तिला मी बसवते इथे, तुझ्या यंत्राला फसवायला." हसता हसता त्या खोकल्या. "सांग तुझ्या डॉक्टरांना. प्रेमाला तपासा म्हणावं."

आकाश हसला नाही. तो चटईकडे बघत होता. मग आईच्या पांढऱ्या साडीकडे, मोकळ्या मनगटांकडे, पालथ्या घातलेल्या भांड्यांकडे. लहानपणी अशा दिवशी आई त्याला संध्याकाळचं वाढून स्वतः नुसती शेजारी बसायची, आणि तो विचारायचा, तू का नाही जेवत. ते घर हेच होतं.

"आज अष्टमी आहे," तो म्हणाला.

"आहे."

"आणि मागचे ते दिवस... पौर्णिमा, अमावस्या." त्याने मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवला. "तू मला शब्द दिला होतास, आई."

"चक्कर आली तर सरबत घेईन म्हणून मान हलवली होती. शील सोडेन म्हणून नव्हे."

"मला सांगायचंस ना मग."

"तू विचारलंस? कशावर झोपलीस ते विचारलंस. का, ते नाही विचारलंस." त्या चटई गुंडाळू लागल्या, मग थांबल्या आणि तशीच राहू दिली. "एवढंच असेल तर तुझ्याही घरी लाव ही डबी. बाहेरचं किती खातोस, कधी झोपतोस, मलाही कळू दे. मीही डॉक्टरला दाखवते."

 मला न्यायचं ठरवलं होतंस का, असं शकूताईंनी सरळ विचारलं तेव्हा तो म्हणाला, ठरवलं नव्हतं, तयारी ठेवली होती. त्यांना या दोन गोष्टींत फरक दिसला नाही. पण सोललेली बोटंही दिसत होती. हळद आणि पाण्याचं भांडं घेऊन त्या त्याच्यासमोर बसल्या.

"मी जाणार नाही," हात धुता धुता त्या म्हणाल्या.

"आणि खरंच पडलीस तर?"

ते मात्र खरं होतं. दाराला लावलेले ते हात खरे होते. शकूताई उठल्या, गादी उचलली आणि पट्टी ओढून काढली. फ्रिजची चकती नखाने उचकटली. "मी कुठे झोपते आणि काय खाते, ते माझं. बाथरूमची डबी राहू दे. ही वरची राहू दे. दाराची राहू दे. मी पडले तर कळू दे. पण आधी प्रेमाला. ती भिंतीपलीकडे आहे, तू पार गोरेगावला. ती आली, तिने बघितलं, की मग तुला."

"आणि रिपोर्ट?"

"रिपोर्ट कुणालाच नको."

त्याने प्रांजलला फोन लावला, स्पीकरवर. प्रांजल म्हणाली, सर, अलर्टचा पहिला नंबर बदलता येईल, रोजचा रिपोर्टही बंद होईल, पण कंपनीच्या केअर टीमला बाकीचं दिसत राहतं.

"ही टीम कुठे बसते?" शकूताईंनी विचारलं.

"आजी, ते... बंगळुरूला असतात बहुतेक."

"तू भेटलीयेस त्यांना?"

"नाही."

"मग तेही बंद कर, पोरी."

"त्यासाठी तुमच्या फोनवर नंबर येईल, आजी, तो सांगावा लागेल."

फोन कपाटात होता, बंद. अष्टमीला तो उघडायचा नसतो. शकूताईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "उद्या."

"उद्यापर्यंत त्यांना दिसत राहील, आई," आकाश म्हणाला.

"दिसू दे. आज मी जमिनीवर आहे, एवढंच दिसेल. तुझं तरी आजच काढ."

आकाशने मोबाइल उचलला. पहिल्या जागी प्रेमाचा नंबर घातला. रोजच्या रिपोर्टपुढची खूण काढली. अंगठा तिथेच रेंगाळला, मग त्याने दाबलं. "वर्षावास संपेपर्यंत," तो म्हणाला.

"आणि संपल्यावर?"

 बाहेर सिलिंडरवाल्याची गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

"झालं," त्याने मोबाइल खिशात टाकला. "काढलं."

शकूताईंनी चष्मा शोधला, साडीच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"काढ बाहेर," त्या म्हणाल्या. "मी बघितलं नाही. परत उघड."

आकाशने परत उघडलं.